दोनदा झाळलेली गिनी

सिंधूमावशीनं वाटीत चिंच भिजत घातलेली दिसली आणि माझं डोकं फिरलं.

"हे कशाला?"

"गिन्न्या घासायला. सराफबाजारात न्यायच्यात ना? अशा मळकट नेल्या तर लोक म्हणतील, घोटीची माणसं देवसुद्धा धूत नाहीत."

भंडाऱ्याची पितळी डबी तिच्या मांडीवर होती, झाकण उघडं. मी सरळ डबीच ओढून घेतली. मूठभर हळद तिच्या साडीवर सांडली.

"अगं ए भवाने! मोठ्या माणसाच्या हातातनं ओढतेस?"

"घासलीस ना मावशी, तर अर्धा भाव इथंच मोरीत वाहून जाईल."

"सोनं घासून कमी होतंय होय? चंदे, बघ गं तुझी लेक. पहाटेची गाडी पकडून मनमाडहून आले ती हिच्याकडून शिकायला."

"निकी, हळू," आई म्हणाली.

आई दिवसातून दहा वेळा एवढंच म्हणते. हळू. दिंडोरी रोडच्या पॅकहाऊसमध्ये द्राक्षं पेटीत भरताना पण ती अशीच असणार, घडाला धक्का नको, मुकादमाला धक्का नको. मी तशी नाही. दहावीला असताना गणिताच्या सरांनी वर्गात माझ्या आईच्या कामावरून एक शब्द काढला. मी कंपासपेटी खिडकीतून बाहेर फेकली आणि तिच्यामागं मी पण बाहेर पडले, ती परत गेलेच नाही. आता सतरा संपतील. बुधवारच्या बाजारात गोदेच्या काठाला माझी स्वतःची पथारी आहे, इमिटेशन दागिन्यांची. ठुशी, साज, मोत्याच्या नथी, सगळं पितळ आणि पॉलिश. तुटलेलं असेल तर तिथंच बसून झाळून, म्हणजे हलका धातू वितळवून जोडून देते, छोटी गॅसची बत्ती आहे माझ्याकडे. म्हणून कडी कुठं बसवलीय, झाळ किती वाहिलीय, कुणी घाईत काम केलंय, हे मला लांबून दिसतं. बायका गळ्यात काय घालून आल्यात ते मी चेहऱ्याच्या आधी बघते.

आणि नाण्यांचं मला रंगनाथकाकांनी शिकवलं. म्हणजे शिकवलं नाही, मी बघून घेतलं. माझ्या शेजारी जुन्या वस्तूवाले बसतात. पितळी दिवे, गंजलेली कुलपं, जुनी नाणी. काका दर बुधवारी येतात, उकिडवे बसतात, डोळ्याला भिंग लावतात आणि एकेक नाणं उचलून परत टाकतात. एकदा त्यांनी राणीछाप रुपया असा टाकला, जसा नासका टोमॅटो.

"काय झालं त्याला?" मी विचारलं होतं.

"कुणीतरी गळ्यात घातलाय. हे बघ, वर कडीचा डाग. कडी काढून कानशीनं घासलंय, पण झाळ लपत नाही. कडी लागली की नाणं संपलं. उरली ती चांदी, आणि ती मला सराफाकडे मिळते."

तेव्हापासून मला कळतं. म्हणून मी डबी सोडली नाही.

आता गिन्न्यांचं सांगते. माझ्या आईची आई, बयाबाई. मागच्या वर्षी वारली. तिच्याकडे सोन्याच्या दोन गिन्न्या होत्या. तिच्या सासऱ्यानं दारणा धरणाच्या कामाला बैलगाड्या लावल्या होत्या, तेव्हा कुणा ठेकेदारानं दिल्या, असं घरात सांगतात. दोन्ही एकाच वर्षाच्या, एकाच घडणीच्या, जुळ्या बहिणी असाव्यात तशा. एका बाजूला दाढीवाला राजा, दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसलेला माणूस, खाली कुणीतरी राक्षसासारखं पडलेलं.

आता घोड्यावर बसलेला आणि पायाखाली राक्षस, म्हणजे आमच्या घोटीत कोण? खंडोबा! दुसरं कोण असणार. त्यामुळं एक गिनी आजीच्या सासूनं गळ्यात घातली, वर कडी झाळून, काळ्या पोतीत. ती पुढं आजीच्या गळ्यात आली. दुसरी गेली देवात. भंडाऱ्याच्या डबीत ती कायमची हळदीत पुरलेली असायची, चंपाषष्ठीला फक्त वर यायची. लहानपणी आजीच्या गळ्यातली उलटवून मी विचारलं होतं, "आजी, हा खंडोबा, तर मागच्या बाजूला म्हाळसा असेल ना? मग म्हाळसेला दाढी कशी?" तेव्हा पाठीत बसलेला धपाटा अजून आठवतो.

आजी गेली. भाताची खाचरं निवृत्तीमामाकडे राहिली, त्यावर कुणी ब्र काढला नाही. दोन बहिणींच्या वाट्याला दोन गिन्न्या. सोपं होतं. पण दोघींना एकच पाहिजे, आजीच्या गळ्यातली! आई म्हणायची, धाकटी मी, मला द्या. मावशी म्हणायची, त्या गिनीवर माझा हक्क आहे, का ते विचारू नका. माझी आई, जी कुणाला सरक म्हणत नाही, ती या एका गोष्टीवर वर्षभर अडून बसली. वर्षश्राद्धाला दोघी एका पंगतीत बसल्या नाहीत. शेवटी मामा वैतागला. म्हणाला, दोन्ही गिन्न्या नाशकात आणा, आटवून टाकू, सारख्या वजनाच्या दोन अंगठ्या करू, मिटलं.

ते मिटायचं आज होतं. बाजाराचा दिवस असून मी पथारी लावली नाही, पक्कड आणि दोरा तेवढा खिशात टाकला आणि दोघींच्या मागं निघाले.

मामा सराफबाजाराच्या गल्लीत गलाईवाल्याच्या दुकानासमोर उभा होता. गलाईवाला म्हणजे सोनं वितळवून देणारा. आत भट्टी घरघरत होती आणि मुशीत काहीतरी लाल उकळत होतं.

"आणल्या का? चला, देऊन टाका. मला साडेबाराची गाडी हाय," मामा म्हणाला.

"आधी वर चला," मी म्हटलं.

"वर काय हाय?"

"रंगनाथकाका बसतात. नाणी घेतात. दहा मिनिटं."

"तुझ्या धा मिनिटांत माझी गाडी जाईल."

"घोटीला दुसरी गाडीच नाही काय मामा? आणि आटवल्यावर परत गिनी होते का? नाही ना? मग दहा मिनिटं थांबायला काय जातंय?"

"ही कुणावर गेली?" मामानं आईला विचारलं.

"माझ्यावर नाही," आई म्हणाली आणि जिना चढायला लागली.

काकांची खोली म्हणजे जिन्याच्या टोकाला एक टेबल, एक कपाट आणि एक खडखडणारा पंखा. आम्ही चौघं आत गेलो आणि खोली संपली. काकांनी मला बघितलं.

"आज बाजार सोडून इथं?"

"बाजार इथंच आणलाय. बघा."

आईनं रुमालातून गळ्यातली गिनी काढली. काकांनी ती छोट्या काट्यावर ठेवली. काटा आठ ग्रॅमच्या वर तीनशे मिलिग्रॅम पुढं गेला.

"नुसती गिनी आठ ग्रॅमला थोडी कमी भरते," काका म्हणाले. "ही जड आहे. कडी आणि झाळ."

"जड हाय म्हणजे जास्तच ना?" मावशी म्हणाली. आटवणार म्हणून रुसलेली होती, पण तिच्या गिनीचं वजन जास्त निघालं तेवढ्यानं खूश झाली.

"उलटं आहे बाई. झाळीचं सोनं हलकं असतं, त्यात दुसरे धातू. सोनार ते वजा करणार. आणि माझ्यासाठी तर हे नाणंच नाही. हे बघा, राजाचं कपाळ नाही, कान नाही. पन्नास-साठ वर्षं अंगावर घासलंय. वर झाळ. याचा भाव म्हणजे सोन्याचा भाव, एक रुपया वर नाही."

"आणि ही?" मी डबी टेबलावर ठेवली.

काकांनी दोन बोटांनी हळदीतून दुसरी गिनी काढली. ती एका गोल चौकटीत बसवलेली आहे. चौकटीला वर कडी, म्हणजे चंपाषष्ठीला देवाच्या गळ्यात अडकवता यावी. चौकटीचे चार छोटे पंजे आत वळून गिनीला धरतात.

"ही पण दागिनाच आहे," काका म्हणाले आणि ठेवून द्यायला लागले. "चौकटीत आहे, म्हणजे आतून झाळलेली असणार. माझ्याकडे येतात त्या सगळ्या तशाच."

"नाही झाळलेली."

"तुला काय माहीत?"

"पंजे आहेत ना! झाळायचंच होतं तर पंजे कशाला करेल सोनार? डबल मेहनत? मी झाळकाम करते काका. माणूस आळशी असतो, जिथं झाळून भागतं तिथं पंजे करत नाही."

"आग लावायची नव्हती," आई हळूच म्हणाली. सगळे तिच्याकडे वळले. "आई सांगायची. सोनार म्हणाला होता झाळून देतो, तर आईच्या सासूनं त्याला शिव्या घातल्या. देवाला आग लावतोस? म्हणून मग त्यानं असं धरून दिलं. आणि धुतला पण नाही कधी. भंडाऱ्यातला देव धुवायचा नसतो."

"मला कसं नाही माहीत हे?" मावशी म्हणाली. तिला सकाळची चिंच आठवली असावी, कारण ती माझ्याकडे न बघता साडीवरची हळद झटकायला लागली.

काकांनी गिनी परत उचलली, भिंग लावलं, चौकट फिरवून बघितली. "मागून बंद आहे. दिसत नाही काही. उघडल्याशिवाय मी बोलणार नाही. आणि उघडताना ओरखडा पडला तर माझी जबाबदारी नाही."

"मी उघडते."

"निकी," आई म्हणाली. पुढचा शब्द मला माहीत होता, पण तिनं तो म्हटला नाही.

मी पक्कड काढली. टोकांना दोरा गुंडाळला, घट्ट, चार वेढे, म्हणजे लोखंड सोन्याला लागणार नाही. पितळेच्या ठुशीवर हे मी रोज करते. पितळ कडक असतं, जुनं सोनं मऊ. पहिला पंजा लगेच उठला. दुसरा पण. तिसरा हट्टी होता. मामा माझ्या मानेवर श्वास सोडत होता.

"मामा, मागं सरका. तुमच्या मिशीनं हात हलतोय."

चौथा उठला. मी चौकट उलटी केली आणि गिनी रुमालावर पडली.

काकांनी ती काठाला धरून उचलली. नाण्याला असं काठालाच धरायचं असतं, चेहऱ्याला बोट लावायचं नाही. ते काठ फिरवत गेले. काठावरचे बारीक दाते पूर्ण गोल, कुठं तुटलेले नाहीत, कुठं भरलेले नाहीत. मला भिंगाशिवाय दिसत होतं.

काकांनी उठून पंखा बंद केला.

मला कळलं. काका बाजारात पण असंच करतात. नाणं खोटं असलं की बडबडतात, खरं असलं की आजूबाजूचा आवाज बंद करायला बघतात.

"झाळ नाही," ते म्हणाले. त्यांनी गिनी उलटी केली. मग म्हणाले, "घोड्याच्या खाली बघ. मागच्या खुराच्या खाली, जमिनीत. काय दिसतं?"

त्यांनी भिंग मला दिलं. हळद अडकलेली होती, पण तिच्यातून एक एवढंसं अक्षर दिसत होतं, तांदळाच्या कणीपेक्षा बारीक.

"सी."

"कॅनडाच्या टाकसाळीची आहे. तिथं कमी पाडल्या. आपल्याकडे क्वचित येते." त्यांनी गळ्यातली गिनी परत उचलून बघितली. "हिच्यावर पण होतं. पुसट झालंय. जुळ्या आहेत म्हणजे."

"म्हणजे भाव?" मामा म्हणाला. मामा गाडी विसरला होता.

"हिचा सोन्याचा भाव. आणि हिचा," त्यांनी देवाची गिनी कागदावर ठेवली, "सोन्याच्या अडीचपट मी आत्ता देईन."

मी छाती फुगवून सगळ्यांकडे बघितलं. "बघा. एकही खूण नाही अंगावर."

"एक आहे," काका म्हणाले. "इथं काठाशी. पंज्याचा ओरखडा. नाहीतर तीनपट म्हटलं असतं."

मला राग आला. मी भिंग घेतलं. होता ओरखडा, केसाएवढा. आणि मी केलेला नव्हता, जुना होता, त्यात हळद बसलेली. पण मी बघितला नव्हता हे खरं.

"अवघड हाय," मामा म्हणाला. "एकसारख्या दोन गिन्न्या. एक गळ्यात घातली तर तिचा भाव पडला, आन एक डबीत ठिवली तर तिचा वाढला?"

"घातलेल्या साडीचा आणि कपाटातल्या साडीचा भाव सारखा येतो का हो मामा?" मी म्हटलं. "आणि हा घोडेवाला आहे ना काका, खंडोबाच ना?"

काकांनी चष्मा पुसला. "त्यांचा कुणी संत आहे. सर्पाला मारतो."

"अंगावर कपडे नाहीत त्याच्या," मावशी म्हणाली, बहुतेक पहिल्यांदाच नीट बघत. "असू दे. आमच्या घरात आला तेव्हापासून खंडोबाच आहे. तुम्ही भाव सांगा, देव आम्ही बघू."

आता माझं गणित पक्कं होतं. आटवणं तर गेलंच. राहिलं काय, आईनं देवाची गिनी घ्यायची. मावशीला गळ्यातलीच पाहिजे, घेऊ दे की! सोन्याचा भाव तिला, अडीचपट आईला, भांडण पण मिटलं. मी आईच्या कानाशी गेले.

"गळ्यातली सोड आई. ऐक माझं. त्यात काही नाही."

"तुला नाही कळणार," आई म्हणाली.

"मला नाही कळणार? आत्ता इथं कुणाला कळलं मग?"

"हळू."

काकांना आमचं भांडण ऐकू येत होतं. गळ्यातली गिनी त्यांच्या हातातच होती. उगाच काहीतरी बोलायचं म्हणून ते म्हणाले, "हिचं तर दुप्पट नुकसान झालंय. दोनदा झाळलीय. एक जुनी, चांगल्या हाताची. त्याच्यावर ही दुसरी, गबाळी, राजाच्या केसांपर्यंत वाहिलीय. कडी एकदा तुटलेली असणार."

मग मावशी हसली, पण ते हसणं नव्हतं.

"तुटली नव्हती. तोडली होती," ती म्हणाली. "माझ्या नावावर आहे ती. विचारा निवृत्तीला."

"तूच तोडलीस की," मामा म्हणाला. "मला आठवतं. आई न्हाणीत होती आन माळ खुंटीला. तू घालून नाचलीस."

"मी हात लावला नव्हता! तेव्हा पण सांगितलं, आत्ता पण सांगते. नऊ वर्षांची होते. आईनं फुंकणीनं मारलं मला. हे बघा." तिनं कोपर टेबलावर आपटलं. कोपराखाली पांढरी खूण होती. मी ती आधी बघितली होती, मला वाटायचं भाजल्याची आहे. "आणि त्या वर्षी जत्रेला नेलं नाही. सगळे गेले. मी एकटी घरी, कोंबड्या राखत. म्हणून म्हणते त्या गिनीवर माझा हक्क आहे. मार मी खाल्लाय तिचा."

मी आईकडे बघितलं. आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, परत गुंडाळत होती. तिचं बोट पांढरं पडलं होतं. मला सगळ्यांच्या आधी दिसतं म्हणून मी मिरवते, पण हे आधी दिसलेलं मला नको होतं.

"मी ओढली होती," आई म्हणाली.

"काय?" मामा.

"मी घातली होती माळ. पळताना दाराच्या कोयंड्यात अडकली. मी ओढली. कडी निघाली. मी परत खुंटीला लावली."

मावशी तिच्याकडे बघत राहिली. "आई मला मारत होती तेव्हा तू कुठं होतीस?"

"कणगीच्या मागं."

"बघत होतीस?"

आईनं मान हलवली. हो.

"चाळीस वर्षं झाली चंदे!" मावशीचा आवाज एकदम चढला. "आत्ता सांगतेस? आई गेल्यावर? काय समजून गेली असेल ती? की सिंधीनं तोडली आणि वर खोटं बोलली!"

"भीती वाटली होती."

"तेव्हा ठीक आहे. पाच वर्षांची होतीस. पण नंतर? लग्न झाल्यावर? पोर झाल्यावर?"

"नंतर मग... खूप दिवस झाले होते. म्हणून तर ती गिनी माझ्याकडंच राहू दे म्हणत होते."

आईनं एवढंच सांगितलं. मला मध्ये बोलायचं होतं, आईच्या बाजूनं की मावशीच्या ते मात्र कळत नव्हतं.

मामा खाकरला. त्याला रडारड झेपत नाही. "हे बघा. आता आटवायचं नाय म्हनता ना? मग आपल्यात वाटणी कशी करतात तशी करा. थोरल्यानं वाटे करायचे, धाकट्यानं आधी उचलायचा. शेताला तेच, भांड्याला तेच. सिंधे, तू वाटे कर."

मावशीनं नाक पुसलं. गळ्यातली गिनी टेबलाच्या या टोकाला ठेवली. देवाची गिनी कागदासकट त्या टोकाला.

"झाले."

"वाटे सारखे नाहीत," काका म्हणाले. "मघाशी सांगितलं ना बाई, ही अडीचपट..."

"मला सारखे आहेत," मावशी म्हणाली. "उचल चंदे."

मावशी आईकडे बघत नव्हती. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होती. पण तिचा हात टेबलावर होता, गळ्यातल्या गिनीपासून वीतभर अंतरावर. आई वर्षभर ज्या गिनीसाठी अडून बसली होती ती आता तिनं नुसता हात लांब केला की तिची. नियमानं. कुणी काही म्हणू शकलं नसतं.

आईनं हात पुढं केला आणि देवाची गिनी उचलली.

मावशी गर्रकन वळली. "उपकार करतेस माझ्यावर? नको मला."

"कसले उपकार?" आई म्हणाली. "निकी म्हणते हिला अडीचपट भाव येतो. मी कशाला सोडू?"

आवाज अगदी बाजारातल्या बाईसारखा काढला होता तिनं. माझाच आवाज होता तो. पण डोळे गिनीकडे नव्हते. मावशीच्या कोपराकडे होते.

मावशीनं माझ्याकडे बघितलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी खरं बोलते म्हणून माझी गिऱ्हाइकं जातात. मी कंबरेवर हात ठेवला.

"हो मावशी. सरळ टोपी घातली तुला. सकाळपासून तेच चाललं होतं आमचं. तुला काय वाटलं, मी डबी फुकट ओढली?"

"भामट्या गं मायलेकी!" मावशी म्हणाली आणि गळ्यातली गिनी उचलून मुठीत एवढी घट्ट धरली, की आता दिली असती तरी तिची बोटं उघडली नसती. तिचे डोळे भरले होते, पण तोंडानं शिव्या चालू होत्या. "अडीचपट म्हणे! घाल चुलीत तुझे अडीचपट. नाशिकला राहून एवढंच शिकल्या."

काकांनी आईला विचारलं, "मग ही देताय का मला?"

मला वाटलं आई माझ्याकडे बघेल. नाही बघितलं. तिनं गिनी काठाला धरून, चेहऱ्याला बोट न लावता, कागदात गुंडाळली.

"बघू. आधी आणखी दोन ठिकाणी विचारते."

"जरूर विचारा," काका म्हणाले, आणि माझ्याकडे बघून हळूच, "हे तू शिकवलंस?"

"मी कशाला शिकवू?"

मामा जिन्यात जाऊन उभा राहिला होता, खालच्या गलाईवाल्याला ओरडून सांगत होता की आज काम नाही, भट्टी कमी कर. मावशीनं मूठ उघडली. गिनी डोळ्याजवळ नेली, लांब नेली.

"ते दोनदा झाळलेलं कुठं दिसतं हो काका? मला तर एकच दिसतं."

काकांनी तिला भिंग दिलं आणि गिनी दिव्याखाली धरायला सांगितली. "वर बघा. आधी एक गुळगुळीत आहे. त्याच्या उजव्या अंगाला मेणासारखं ओघळलेलं दिसतं का? ती दुसरी."

मावशी बघत राहिली. खूप वेळ. मग तिनं भिंग न काढता डाव्या हातानं आईची बाही धरली आणि ओढली.

"ये इकडं. बघ तुझं काम."

आई वाकली. एकच भिंग, एकच गिनी, आणि दोघींची डोकी एकमेकींना लागलेली. नाक पुसताना मावशीच्या हातावरची हळद तिच्या गालाला लागली होती, ती आता आईच्या गालाला लागली.

"दिसलं?"

"हं."

"मग सरक ना आता. मला बघू दे."

आई सरकली नाही.